चांद्याने अंग झाडलं तो दिवस

द्वारकावहिनी, मी आज जो कोणी आहे तो तुझ्यामुळे. बापाने जन्म दिला, दादाने पोसलं, पण मला माणसांत आणलं ते तू. तुझे दिवस आटोपून काल परभणीला परत आलो आणि आज शाळेत गेलो. दोन तास शिकवलंही. तिसऱ्या तासाला खडू घेऊन फळ्यासमोर उभा राहिलो आणि काय लिहायचं होतं ते काही केल्या आठवेना. पोरं गप्प बसून राहिली. मास्तरांच्या घरचं माणूस गेलंय, एवढं त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. कोण गेलं, असं कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होतो? भावजय म्हटलं तर फारच थोडं सांगितल्यासारखं होतं.

चुडाव्याच्या स्टेशनापासून आपली वस्ती तासाभराची वाट. पूर्णेच्या शाळेत जायचं तर मला पहाटेची गाडी धरावी लागायची, आणि मी गेलो की मेंढरांमागे दादा एकटा पडायचा. तात्या, आपले थोरले चुलते, घरात त्यांचाच शब्द चालायचा. ते म्हणाले होते, "धनगराच्या पोरानं बुकं वाचून काय मेंढरायला कायदा शिकवायचाय व्हय?" तू तेव्हा नवी नवरी. सासऱ्याच्या जागच्या माणसासमोर तोंड उघडायची तुला मुभा नव्हती. तू आतून, उंबऱ्याआडून, दादाला उद्देशून एवढंच म्हणालीस, "त्याच्या वाटची मेंढरं मी राखते म्हणावं." आणि राखलीस. उन्हातान्हात, टकळीवर लोकर कातत मेंढरांमागे चालणारी तू मला गाडीच्या खिडकीतून दिसायचीस. इतर पोरांना मी कधी सांगितलं नाही की ती माझी वहिनी. पण तू दिसेपर्यंत मी खिडकी सोडत नसे.

संध्याकाळी मला धडा मोठ्याने म्हणायला लावायचीस. पोलीस ॲक्शननंतर शाळेतली उर्दू गेली आणि मराठी आली, सगळी बुकं बदलली, माझी त्रेधा उडाली. तुला काही फरक पडला नाही. तुला दोन्हींतलं अक्षर येत नव्हतं. पण कुठे माझी गाडी अडली की तुझी टकळी थांबायची. "आडखळलास बापू. परत म्हण." मी परत म्हणायचो. टकळी फिरायला लागली की समजायचं, धडा पाठ झाला.

बी.ए. झाल्याचं सांगायला मी आलो तेव्हा तू नवं घोंगडं अंथरून मला पाहुण्यासारखं बसवलंस आणि मग पोट धरून हसलीस. "बी.ए.! इतकी वर्सं शिकून शेवटी मेंढरावानीच ओरडायचं व्हतं, तर घरी काय वाईट व्हतं?" तात्यासुद्धा हसले. मला राग आला होता. आता ते हसू ऐकायला मिळावं म्हणून काय वाटेल ते देईन.

गाठ तू किती दिवस लपवलीस ते तुलाच ठाऊक. दिवाळीला मी आलो तेव्हा तू उजवा हात अंगाशी धरून भाकरी थापत होतीस. मी विचारलं तर म्हणालीस, मेंढीनं धडक मारली. बाईने छातीचं दुखणं दिराला सांगायचं कसं? दादाने मला मेंढरांच्या वाड्याकडे नेलं आणि माझ्याकडे न बघता सांगितलं, "तिच्या छातीत गाठ हाय बापू. दगडावानी. वरची कातडी आत वढलीय." पूर्णेच्या हकिमाचा लेप लावून झाला होता. डाग द्यायची गोष्टही निघाली होती. परभणीच्या सरकारी डॉक्टरांनी तपासलं, काखेत बोटं घालून पाहिलं आणि म्हणाले, हैदराबादला न्या, उशीर करू नका.

दादाचा मात्र एक पक्का समज होता. आपल्या कळपातल्या एका मेंढीची अर्धी कास काळी पडून गळाली होती, तरी ती जगली आणि उरलेल्या एका थानावर तिने कोकरं वाढवली. स्टेशनावर आपल्याला गाडीत बसवताना तो पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. "कापलं की सुटली बग. त्या मेंढीगत." तू डोक्यावरचा पदर ओढून घेऊन म्हणालीस, "आता मला मेंढीच करून टाका तुमी." पण त्याचं बोलणं तू खोडलं नाहीस.

हैदराबादच्या त्या मोठ्या दवाखान्यातले वयस्क सर्जन फार अदबीने बोलले. आपला जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. ते हसून म्हणाले, "परभणी तो अब बंबईवालों की हो गई, फिर भी आप हमारे पास आए." मग त्यांनी फोटो उजेडापुढे धरला आणि हसू मावळलं. पाठीच्या मणक्यावर बोट ठेवून ते मला उर्दूत सांगू लागले. रोग छातीतून निघून हाडांत उतरला आहे. आता छाती कापून तो हाडांतून निघणार नाही. कापलं तरी आयुष्य वाढणार नाही, त्यांच्या मते न कापलेलं बरं. त्यांच्याजवळ एक तरुण डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्यांनी परवानगी मागून एवढंच सांगितलं की कातडी पातळ झाली आहे, आज ना उद्या फुटेल, जखम वाहील आणि वास येईल. गाठ अजून हलते आहे तोवर काढली तर निदान तेवढं टळेल. जखम भरली तर. आणि हात कायमचा सुजू शकतो.

दोघंही माझ्याकडे पाहू लागले. आता हे मराठीत तुला सांगायचं माझ्या वाट्याला आलं होतं. मी सुरुवात केली, "वहिनी, डॉक्टर म्हणतात, रोग जरा पसरला..."

"आडखळलास बापू," तू म्हणालीस. "परत म्हण."

मी परत सुरू केलं, परत अडलो. तू हात वर करून मला थांबवलंस. "ऱ्हाऊ दे. बाजारात पठाणायला घोंगडी इकण्यात जल्म गेला माजा. मला समजलं सगळं." आणि त्या डॉक्टरीणबाईंकडे वळून, माझ्या बी.ए.ला कधी जमली नसती अशा दक्खनीत विचारलंस, "बाई, बास नहीं आयेगी ना फिर?"

बाहेर आवारात लिंबाखाली आपण बसलो. मी भांडलोच तुझ्याशी. मोठे डॉक्टर नको म्हणतात, आयुष्य वाढणार नाही, मग अंगाचा तुकडा कशासाठी तोडून घ्यायचा? दवाखान्यात पडून राहण्यात दिवस जातील, हात जाईल, टकळी जाईल. मी शिकलेला माणूस, मुद्द्यावर मुद्दे मांडत होतो. तू खाली पडलेल्या लिंबाच्या काड्या गोळा करून एकीला एक लावत होतीस. माझं संपल्यावर तू आईची गोष्ट काढलीस. इतक्या वर्षांत ती मी कधी ऐकली नव्हती.

"माझ्या मायला हेच झालतं. फुटलं तवा वासानं घरात कुनी बसंना. मंग रानात झोपडी घालून दिली तिला. भाकर माझ्याच हातानं जायाची, ल्हान व्हते मी. झोपडीच्या तोंडाला ठिवायची आन मागं सरायचं." तू हातातली काडी मोडलीस. "येक दिस तिनं मला हाक मारली. मी आत गेले. पर नाकाला पदर लावून गेले, बापू. तिनं त्यो पदर बगितला. मंग पुन्ना तिनं हाक मारली न्हाई."



"मरायचंच हाय, ते समजलं मला," तू म्हणालीस. "पर मानसात मरंन मी. झोपडीत न्हाई."

मी तरीही म्हणालो की आपल्या घरात तुला कुणी झोपडीत ठेवणार नाही. तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. लहान पोराकडे बघावं तसं. "माझा बापबी चांगलाच मानूस व्हता रे."

डॉक्टरांनी घरी विचारून या म्हणून सांगितलं होतं. आपल्याकडे बाईच्या अंगावर शस्त्र चालवायचं तर तिची एकटीची मर्जी कोण विचारतो? तात्यांनी ऐकलं आणि मान हलवली. "मोटा डाक्टर नको म्हंतो, आन आपुन तोडायचं? देवाघरी अर्ध्या अंगानं पाठवायची का तिला?" मी गप्प बसलो, कारण कापू नये असंच माझंही मत होतं. दादा तेवढा मेंढीचीच गोष्ट परत परत सांगत राहिला. शेवटी तात्या म्हणाले, बिरोबाला विचारू.

आपल्यात मोठी गोष्ट अशीच ठरते. देवासमोर कळपातला मेंढा, आपला एडका, उभा करायचा, प्रश्न सांगायचा आणि त्याच्या पाठीवर पाणी ओतायचं. त्याने अंग झाडलं तर देवाचा होकार. तसाच उभा राहिला तर नकार. मी कॉलेजात असताना या चालीवर मित्रांशी हिरिरीने बोललो होतो. त्या दिवशी मात्र मला मनातून वाटत होतं की एडका हलू नये.

"चांद्याला न्या," तू आतून म्हणालीस. तो तूच बोटाने दूध पाजून वाढवलेला, काळाकुट्ट, कपाळावर पांढरा ठिपका.

सकाळी बिरोबाच्या ठाण्यावर पोचलो. मार्गशीर्षातली थंडी, नदीवरून वारा येत होता. दादाने चांद्याला पुढे आणलं आणि मी बघतच राहिलो. चांद्या कातरलेला होता. कातडीपर्यंत. कातरणीचा हंगाम केव्हाच होऊन गेला होता. बाकीची मेंढरं दाट लोकर घेऊन उबेत उभी होती आणि हा एकटा उघडा, थरथरत. अंगावर लोकर असली तर पाणी वरच्यावर ओघळून जातं, तांब्या रिकामा झाला तरी जनावराला पत्ता लागत नाही, हे मेंढरांतल्या पोरालाही ठाऊक असतं. मी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तात्या डोळे मिटून देवाचं नाव घेत होते. दादा जमिनीकडे पाहत होता. कुणाच्या लक्षात आलं नाही, मला वाटलं, फक्त माझ्याच आलं आहे.

तू बायकांत मागे उभी होतीस. तुझी माझी नजरानजर झाली. तू नजर काढून घेतली नाहीस.

मी एक शब्द बोललो असतो तर ते तिथेच थांबलं असतं. तात्यांनी प्रश्न सांगितला आणि तांब्या कलता केला. पहिली धार पाठीला लागली न लागली तोच चांद्याने नाकापासून शेपटापर्यंत असं अंग झाडलं की तात्यांच्या धोतरावर शिंतोडे उडाले.

"दिला," तात्या म्हणाले. "देवानं कौल दिला."

परत हैदराबादला जाताना गाडीत मी तुला विचारलंच. "चांद्याला कुणी कातरलं गं?" तू बाहेर बघत म्हणालीस, "लय उवा झाल्त्या त्याला." मग म्हणालीस, "देवाला काय, पानी लागलं का न्हाई एवढंच बगायचं असतं." आणि पदरात तोंड घालून हसलीस. गाडीतल्या त्या हसण्यानंतर तू तशी हसलेली मला आठवत नाही.

पुढचं सोपं नव्हतं, ते मी सोपं करून लिहिणार नाही. शुद्धीवर आलीस तेव्हा आधी हात छातीकडे गेला, पट्ट्यांवरून फिरला आणि तू भिंतीकडे तोंड केलंस. जखम भरायला फार दिवस गेले. हात सुजला तो सुजलाच, बांगड्या कापून काढाव्या लागल्या. घरी येऊन तू डाव्या हाताने टकळी धरून पाहिलीस. धागा तुटायचा, तू जोडायचीस, परत तुटायचा. एक दिवस टकळी आढ्याच्या वाशात खोचून ठेवलीस. ती अजून तिथेच आहे.

पण जखम कोरडी राहिली. त्या उन्हाळ्यात शेजारच्या पोरीच्या लग्नात तुला बायकांच्या पंगतीत मधोमध बसलेली मी पाहिली. कुणाचं तरी पोर तुझ्या मांडीवर झोपलं होतं. दोन्ही बाजूंच्या बायका तुला खेटून जेवत होत्या, एकमेकींच्या पानातलं उचलत होत्या. माझा घास हातातच राहिला.

दिवाळीनंतर पाठ धरली. मोठ्या डॉक्टरांनी फोटोत बोट ठेवलं होतं तिथेच. मग उठणं गेलं, मग कूस बदलणं गेलं. गोळीचा असर उतरला की तू घोंगड्याचं टोक दातांत धरायचीस, ते टोक चावून चावून झिरझिरीत झालं होतं. त्या वेदना पाहताना मनात यायचं, ते कापणं आणि हे दुखणं, दोन्ही कशाला सोसायला लावलं हिला? देवाने एकाच शरीराला किती द्यावं? शिकून याचं उत्तर मिळेल असं आता वाटत नाही.

संक्रांतीला मी आलो. माजघरात मधोमध तुझं अंथरूण होतं. शेजारणी येत होत्या, वाकून तुझ्या हातावर तिळगूळ ठेवत होत्या, कुणी केस विंचरत होती, कुणी कानाशी लागून कुणाचं तरी उणंदुणं सांगत होती. सगळ्या गेल्यावर तू मला जवळ बोलावलंस. आवाज अगदी खोल गेला होता.

"बापू, तू नको म्हनत व्हतास. खरं सांग. चुकलं का माजं?"

मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात तात्या आत आले, गाडीची वेळ झाली म्हणून ओरडत. तू डोळे मिटलेस. मी तुझ्या पायाला हात लावून निघालो. उत्तर तोंडातच राहिलं.

परभणीला पोचलो त्याच दिवशी पत्र लिहिलं. ते वस्तीवरच्या शाळेचे मास्तर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचणार, दादा आणि तात्या ऐकणार, हे माहीत होतं. म्हणून तुला तेवढं कळेल असं लिहिलं. ते पोचलं आणि त्याच आठवड्यात तू गेलीस. माझी गाडी चुडाव्याला लागली तेव्हा तुला नदीवर नेलेलं होतं.

परवा रात्री दादा आणि मी मेंढरांजवळ बसलो होतो. तो आपणहून सांगू लागला. "तुजं पत्र वाचताना मास्तर चांद्याच्या नावापाशी आडखळले. त्यायला काय उमगंना. तवा ती म्हनली, 'आडखळलात मास्तर. परत म्हना.' त्यायनी परत वाचलं. मंग ती हसली रे. दुखत व्हतं तरी हसली."

मी म्हणालो, "दादा, तुला एक सांगायचंय. त्या दिवशी चांद्या..."

"कातरलेला व्हता," दादा म्हणाला. "मीच कातरला. आदल्या दिशी ती म्हनली, कातरा, मी कातरला. इचारलं न्हाई कशाला म्हून."

"आणि तात्या?"

"म्हाताऱ्याचा जल्म गेला मेंढरात. त्याला दिसत नसंल व्हय? दुसरा एडका आना म्हनला असता तर कोन आडवनार व्हतं. म्हनला न्हाई."

चांद्या जवळच बसला होता. त्याच्या पाठीवर आता दाट लोकर आली आहे. दादा त्यात बोटं घालून बसला होता. तसाच म्हणाला, "हाडात उतरलं ते तू सांगितलंस तवाच समजलं व्हतं मला. त्या मेंढीच्या हाडात काय उतरलं न्हवतं. पर ती गोष्ट सांगितली की तुज्या वैनीला वाटायचं, मला आशा हाय. म्हून सांगत ऱ्हायलो."

वहिनी, तू दादाची आशा मोडू नये म्हणून गप्प होतीस, आणि तो तुझ्यासाठी आशा दाखवत होता. आणि मी समजत होतो की तिथे एकट्या मलाच दिसतं आहे. तुझ्या मनासारखं व्हावं असं म्हणायची आपल्या घरात कुणाला रीत ठाऊक नव्हती. म्हणून सगळ्यांनी मिळून एका उघड्या एडक्यावर पाणी पडू दिलं.

त्या पत्रातलं एकही अक्षर मी नंतर बदललेलं नाही. दादाने ते जपून ठेवलं होतं, मी परत येताना मागून आणलं. ते असं:

वहिनीस बापूचा नमस्कार.

मी नीट पोचलो. शाळेत परीक्षा चालू आहेत, त्या झाल्या की निघतो. इथल्या डॉक्टरांना विचारलं. गोळी लागेल तेव्हा द्यावी, आता तिचा हिशेब करू नये, असं दादाला सांगणे. हाताखाली उशी असू द्यावी. तिळगूळ शाळेतल्या पोरांना वाटला, त्यांना आवडला.

संक्रांतीला तू एक गोष्ट विचारलीस आणि माझं सांगणं राहून गेलं. मी वर्षभर त्यावरच विचार करत होतो. चांद्याला त्या दिवशी कातरलेलं होतं, ते बरं झालं. तू विचारलंस त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

थंडी अजून सरलेली नाही. रात्री चांद्याच्या अंगावर पोतं टाकायला सांग. त्या दिवशी कातर माझ्या हाती दिली असतीस, तर मीच त्याला कातरलं असतं.

तुझा,
बापू